बिनगव्हाचा मांडव

पुरी फुगली की मला अजूनही टाळी वाजवावीशी वाटते. सारा जन्म पुऱ्यांत गेला, तरीसुद्धा! तेलात सोडलेली चपटी चकती आधी तळाशी दडी मारते, मग हळूच वर येते, झाऱ्याने थोडं दाबलं की रुसते, आणि मग एकदम टम्म. आता माझे गुडघे बसू देत नाहीत म्हणून मी खुर्चीवरून हुकूम सोडते आणि सून काम बघते, पण कढईजवळून मला उठवायची तिची छाती नाही.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा सांगायचा तर असा. आमच्या गोंदियाकडच्या लग्नांत भाजी-वरण-भात करणारा आचारी वेगळा आणि पुऱ्यांच्या बाया वेगळ्या. बायांचा घोळका गोल करून बसतो. एकीने कणीक मळायची, तीही अशी घट्ट की बोट रुतता कामा नये. दुसरीने गोळ्या तोडायच्या, बाकीच्यांनी लाटायच्या. तोंडं सतत चालू, कारण हात त्यावरच चालतात. सगळ्या गावाची खबर आमच्या पोळपाटावरून जायची. असा एक घोळका माझ्या हाताखाली होता. दवनीवाड्यापासून सालेकश्याच्या जंगलापर्यंत लग्न निघालं की लोक आधी माझ्याकडे यायचे आणि मग मुहूर्त बघायचे, असं मी सांगते. घरचे म्हणतात, एवढंही काही नाही. त्यांचं ऐकू नका.

कढई सांभाळायला गणपतभाऊ. वयाने माझ्याहून थोर, बोलायला कमी, धोतर गुडघ्यावर, हातात झारा. त्याची एक रीत होती आणि ती समजल्याशिवाय पुढची गोष्ट समजायची नाही. ताजं तेल तापलं की तो कणकेची हरभऱ्याएवढी गोळी हातात घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि तेलात सोडायचा. तो कढईचा पहिला घास. त्यात भक्ती होती आणि हिशेबही होता. गोळी तळाशी बसून राहिली तर तेल कच्चं, लगेच उसळून वर आली तर तयार, आल्या आल्या काळी पडली तर लाकडं बाहेर ओढा. मी बौद्धाघरची, अग्नीला घास द्यायची रीत काही माझी नव्हे. पण भाऊची होती आणि भाऊची पुरी कधी तेलकट निघाली नाही, म्हणून मी त्यात कधी तोंड घातलं नाही.

आता गंमत बघा. आमचा मुलूख धानाचा. सकाळी भात, रात्री भात, मध्ये भूक लागली तर तांदळाची भाकर, पाहुणा अचानक आला तर तांदळाचे आयते, म्हणजे पातळ धिरडी, तव्यावर. गिरणीतून निघालेली कनकी, म्हणजे तुटका तांदूळ, कोंबड्यांपुढे टाकतात इतका तांदूळ. पण मान मात्र गव्हाला! जावई आला की पोळी, लग्न असलं की पुरी. पंगतीत पुरी नसली तर लोक घरी जाऊन सांगणार, 'तठी काहीच नव्हतं.' भाताचे डोंगर खाऊन आलेले असले तरी हेच सांगणार. मी या मानावरच पोट भरत होते, तेव्हा तक्रार करायचं मला कारण नव्हतं.

नव्या शतकाच्या सुरुवातीची वर्षं असतील. सालेकश्याला एक लग्न होतं. पंगतीत पुऱ्यांची परात घेऊन मी स्वतः फिरायची, कारण खाणाऱ्याचं तोंड बघितल्याशिवाय मला मजुरी पचत नसे. एका रांगेत दुसरी-तिसरीतली मुलगी बसलेली. काड्यांसारखे हात, मोठे डोळे. तिच्यापुढे पत्रावळ होती, पण ती कोरी. तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढला, उघडला आणि तांदळाची भाकर नि मुगाची डाळ खायला लागली. आमच्या पंगतीत डबा! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"काऊन व पोट्टे," मी म्हटलं, "माह्या पुरीत काय किडे पडले का?"

मुलगी घाबरली नाही. परातीकडे बघत राहिली. वरची पुरी अजून फुगलेली होती.

"मावशी, मी हिले बोट लावून पाहू का? खात नाही. फक्त बोट."

मी परात खाली धरली. तिने पुरीला बोट खुपसलं, आतली वाफ निघाली आणि ती खुदकन हसली. तेवढ्यात शेजारी बसलेल्या आईने तिचा हात धरला आणि पदर पाण्यात बुडवून ते बोट खसखसून पुसलं. तोंड नाही, बोट. मग माझ्या लक्षात आलं की आईच्या पत्रावळीवरही पुरी नव्हती. तीसुद्धा त्याच डब्यातलं खात होती.

मुलगी प्रज्ञा, आई सुमनबाई. बाप देवाजीभाऊ, दरेकश्याच्या छोट्या स्टेशनावर रेल्वेत कामाला. पंगत उठल्यावर त्यानेच मला हातपंपाजवळ गाठून सगळं सांगितलं. पोरीचं पोट फुगायचं, हातपाय वाळत चालले, वर्ष सरलं तरी उंची वाढेना. कुणी म्हणालं नजर, कुणी म्हणालं जंत. शेवटी रेल्वेच्या पासवर नागपूरला नेली. तिथे रक्त तपासलं, पोटात नळी घातली आणि डॉक्टरने सांगितलं की हिच्या आतड्याला गहू सोसत नाही.

"औषध काय?" मी विचारलं.

"औषधच नाही जी. गहू बंद. जलमभर. कणभर गेला तरी आतून सोलून निघते, म्हणून सांगितलं डॉक्टरनं. तांदूळ, ज्वारी, मका, डाळी चालते."

"मंग रडून काऊन राहिले?" मी म्हणाले. "गहू नाही तं नाही. गोंदिया जिल्ह्यात तांदळाले काय तोटा आहे?"

"तांदळाले तोटा नाही, शेवंताबाई. पण पोट्टीले सणावारी सगळ्यायसारखं खावंसं वाटते ना."

मी परत जाऊन प्रज्ञाला विचारलं, "काय काय खावंसं वाटते तुले?" तिला विचार करावा लागला नाही. म्हणाली, "जलेबी. समोसा. आणि फुगलेली पुरी."

त्या दिवशी माझ्या डोक्यात जो किडा शिरला तो आजतागायत निघालेला नाही. पावसाळ्यात आम्हाला काम नसतं. बाया धानाच्या रोवणीला जातात. मी मात्र त्या साली चुलीपुढे ठाण मांडून बसले. घरचे म्हणाले, बाईला वेड लागलं. लागलंच होतं! रोज नवीन काही करून बघायचं, बिघडलं की शेजारणीला द्यायचं, जमलं की सगळी आळी गोळा करायची.

जलेबी सगळ्यात आधी जमली. मैद्याऐवजी उडदाची डाळ आणि तांदूळ भिजवून वाटले, रात्रभर फुगू दिले, फडक्यातून गोल गोल सोडलं. पाकातून काढलेली पहिली जलेबी मी स्वतः खाल्ली, दुसरीही खाल्ली, आणि तिसरी उचलताना लक्षात आलं की मी हे स्वतःसाठी करत नाहीये. पिशवीत भरून पॅसेंजर गाडीने सरळ दरेकश्याला गेले. प्रज्ञा फलाटावरच भेटली. पाक कोपरापर्यंत ओघळला तरी ती चाटत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "जलेबी आहे! मले चालते!" सुमनबाई स्टेशनाच्या बाकावर बसून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मलाही हुंदका आला, पण मी तो खोकल्यात घालवला.

समोशाने मला रडवलं. तांदळाच्या पिठाचा त्रिकोण काही केल्या उभा राहीना, तेलात जाताच फाटून आलू बाहेर. मग आमच्याकडच्या तळ्यातला शिंगाडा आठवला. तो वाळवून पीठ करायचं, तांदळाच्या उकडीत मिसळायचं. चिकटपणा आला, पण त्रिकोण नाहीच जमला. शेवटी करंजीसारखा मुडपला. प्रज्ञाने तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "मावशी, हा समोसा झोपून काऊन राहिला?" पण झोपलेले सगळे समोसे तिने संपवले.

आणि पुरी! पुरी माझी होती, म्हणून तीच जमेना. गव्हाच्या कणकेला ताण असतो, ती आपली आपण फुगते. तांदळाला तो ताणच नाही. लाटायला गेलं की कडा फाटतात, फाटली की वाफ निसटते, वाफ निसटली की पापड. किती दिवस मी पापड तळले कोण जाणे. मग उकड काढून गरम असतानाच मळायला लागले, त्यात उकडलेला आलू कुस्करून घातला, आणि लाटायचं सोडून दाबायला सुरुवात केली. तेलाच्या रिकाम्या पिशव्या कापायच्या, दोन तुकड्यांमध्ये गोळी ठेवायची, वर सपाट बुडाची वाटी दाबायची. एका सकाळी पुरी वर आली आणि फुगली. मी अशी ओरडले की सासरे काठी घेऊन धावत आले. त्यांना वाटलं साप निघाला.

पण नुसता गहू वगळून भागत नाही हे मला हळूहळू कळत गेलं. प्रज्ञा माझ्या हातचं खाऊन एकदा आजारी पडली. मी तर गव्हाला हात लावला नव्हता! शोध घेतला तर दोष चक्कीचा. तांदूळ दळायला टाकण्याआधी त्याच चक्कीतून कुणाचा तरी गहू गेलेला. चक्कीवाले शेठ माझ्यावरच भडकले. "अरे मौसी, बरसों से पीस रहा हूँ, आज तक किसी को कुछ नहीं हुआ!" मी म्हटलं, "शेठ, किसी को नहीं हुआ, इस को होता है." मग त्यांनीच तोड काढली. दगड घासून गुळगुळीत झाले की त्यांना टाकी लावतात, म्हणजे छिन्नीने नवे खाचे पाडतात. टाकी लावून, सगळी चक्की झाडून-पुसून झाली की पहिली कनकी आमची दळायची. तिच्या आधी थोडी कनकी काढून फेकायची. ती कोंबड्या खायच्या. पुढे शेठ स्वतः निरोप धाडायचे, "मौसी, टाकी लग गई, आ जाओ."

हिंगाने तर मला थक्कच केलं. किराणेवाल्याशी बोलता बोलता कळलं की डबीतला हिंग सुटा राहावा म्हणून त्यात गव्हाचं पीठ घालतात. वरणाच्या फोडणीत गहू! मी त्या रात्रीचं वरण शेजारच्या म्हशीला घातलं आणि हिंगच बंद केला. लसणावर भागतं की सगळं.

अशी वर्षं गेली. प्रज्ञा वाढली, अंगाने भरली, कॉलेजात गेली. गोंदिया शहरात मग एक फॅशन आली. बंगल्यातल्या बाया फोन करून म्हणायच्या, "मौसी, वो बिना गेहूं वाला नाश्ता भेज दो, वजन कम करना है." मी पाठवायची. एकीकडे गेले तर एका बशीत माझा झोपलेला समोसा आणि दुसऱ्या बशीत हलवायाचा मैद्याचा, बसलेला, आणि बाई दोन्ही खात होत्या. मी पैसे घेतले. पण वाटलं, यांना हे मौजेखातर हवं आहे आणि आमच्या पोरीला जगण्यासाठी.

कारण प्रज्ञा अजूनही प्रत्येक लग्नात डबा घेऊनच यायची. एवढं सगळं मी करत होते ते घरी. मांडवात कढई एकच, तेल एकच, पुऱ्यांच्या पिठाने हवा पांढरी झालेली. तिथे तिचं काही सुरक्षित राहूच शकत नव्हतं. एकदा माझ्या घोळक्यात येऊन बसली, थोडी लांबच, आणि म्हणाली, "मावशी, एक मांगू का? माह्या लग्नात मी डबा नाही आणणार. आणि मले वेगळं ताटही नोको. सगळ्यायचं जे असन, तेच माहं."

"म्हणजे सगळ्या मांडवाले बिनगव्हाचं?"

"हो. जमते का?"

"न जमाले काय झालं!" मी फाडकन बोलून गेले. बायांनी लाटणी थांबवून माझ्याकडे पाहिलं.

यथावकाश लग्न ठरलं. मुलगा गोंदियाचा, अमोल, नोकरीवाला, गुणी. पोरीचा त्रास देवाजीभाऊने लपवला नाही. अमोलने ऐकून घेतलं आणि म्हणाला, मला चालेल. पण त्याची आई, कौसल्याबाई! विधवा बाई, एकटीने पोरं वाढवलेली, आवाज खणखणीत. बैठकीत म्हणाल्या, "हे लाडाचं दुखणं होय. आमच्या घरी येऊ द्या, थोडं थोडं खाल्लं का सवय होते. आम्ही काय मेलो का पोळ्या खाऊन?"

ते ऐकून सुमनबाई तडक निघाल्या. त्या माझ्याकडे आल्या. "शेवंताबाई, पोरीले तठी कोणी प्रेमानंच पोळी चारली तं? मी काय करू?"

मग मला कळलं की हे लग्नाचं जेवण नुसतं जेवण नाही. तिथे कौसल्याबाईंना दिसायला हवं होतं की गव्हाशिवायचं खाणं म्हणजे आजाऱ्याचं पथ्य नव्हे. मनसोक्त, तुपातेलाचं, पाहुण्यांनी बोटं चाटावीत असं ते असू शकतं. आणि कणभर गहू का चालत नाही हेही त्यांना पटायला हवं होतं. पहिलं माझ्या हातात होतं. दुसरं कसं होणार, ते मला ठाऊक नव्हतं.

तयारी काय सांगू! शेठनी चक्कीला खास टाकी लावली. पोळपाट-लाटणी घरी ठेवली आणि बायांना ताकीद दिली की आदल्या दिवसाचं लुगडंसुद्धा नेसून यायचं नाही. कढया नव्या, झारे नवे, तेलाचे पिपे सीलबंद. बाया कुरकुरल्या, उकडीने हात भाजतात म्हणून, पण सराव करता करता त्यांनाही चेव चढला. कुणाची पुरी जास्त फुगते यावर पैजा लागल्या. पुरी, उडदाचे बडे म्हणजे वडे, वांगं-आलूची भाजी, मुगाचं वरण, भात आणि जलेबी. सगळं बिनगव्हाचं आणि कुणाला कळूही नये असं.

लग्नाचा दिवस उजाडला. सालेकश्याच्या समाजमंदिराच्या मैदानात मांडव. मी पहाटेपासून नाचत होते. बडे तळून काढले होते, ते दुसऱ्या कढईतून. पुऱ्यांची मोठी कढई गणपतभाऊकडे. वरात गोंदियाहून येऊन पोचली होती, लाउडस्पीकरवर त्रिशरण सुरू झालं होतं. वंदना, मंगल परिणय, टाळ्या, आणि लगेच पंगत. एवढाच वेळ आमच्या हातात. मी उकडीचा गोळा घेऊन कढईकडे वळले आणि जागच्या जागी थांबले.

तेलावर एक गोळी तरंगत होती. तांबूस. तांदळाची गोळी तांबूस होत नाही.

"भाऊ! हे काय होय?"

गणपतभाऊ झारा हातात धरून तेलाकडे बघत होता. "पहिला घास. अठी आज कणीक नाही ना. म्हणून घरून मळून आणली, पानात बांधून. पोरीच्या लग्नात कढई उपाशी कशी ठेवाव?"

त्याचा चेहरा इतका समाधानी होता की मला ओरडताच येईना. म्हाताऱ्याने पोरीचं भलं व्हावं म्हणून बायकोकडून मुद्दाम कणीक मळवून, पळसाच्या पानात बांधून, सायकलवर आणली होती. माझ्या मांडवात गव्हाचा एकच कण आला तो आशीर्वाद म्हणून. मी फक्त म्हटलं, "भाऊ, हे तेल गेलं." आणि त्याला कळलं. झारा त्याच्या हातातून गळून पडला.

मग जे झालं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. बायांनी फडकी गुंडाळून कढई उतरवली. मांडवामागच्या खड्ड्यात तेल ओतलं. राख आणि धानाचा कोंडा घेऊन चौघी कढई-झाऱ्यावर तुटून पडल्या. देवाजीभाऊचा एक रेल्वेतला सोबती नव्या पिप्यांसाठी सायकलवर बाजाराकडे सुटला. तिकडे लाउडस्पीकरवर पंचशील सुरू आणि इकडे आम्ही घासतोय!

नेमक्या त्याच वेळी हात धुवायला म्हणून कौसल्याबाई मागे आल्या. खड्ड्यातलं तेल पाहून त्यांचे डोळे विस्फारले.

"कायले फेकून राहिले जी एवढं तेल? पागल झाले काय?"

"कणकेची गोळी पडली त्याच्यात," मी कढई घासता घासता म्हटलं.

"केवढी गोळी?"

मी करंगळीचं नख दाखवलं.

"एवढुशी? अन् एवढ्यापायी आख्खी कढई फेकली?"

"बाई, एवढुशीनंच पोरगी अंथरुणाले खिळते. मी पाहिली आहे. आम्ही काही श्रीमंत नाही, तेल फेकायची हौस नाही आमाले." मला राग आला होता आणि घामही. "फेकलं, कारण तिले आज सगळ्यायसंगं जेवायचं आहे."

त्यांनी गणपतभाऊकडे पाहिलं. तो खाली बसून गुडघ्यांवर हात ठेवून रडत होता. म्हातारा माणूस, चारचौघांत. कौसल्याबाई पाण्याचा लोटा तसाच ठेवून मांडवात निघून गेल्या.

तेल आलं, तापलं. मी म्हटलं, "भाऊ, उठा, हात-तोंड धुवा." तो उठला, हात-तोंड धुऊन आला, पण पुरी सोडेना. हात रिकामा. "शेवंताबाई, कढईले घास दिल्याबिगर मी पुरी नाही सोडत. मरन पण नाही सोडत." मी उकडीची गोळी तोडून त्याच्या हातावर ठेवली.

"तांदळाची? चालते का अग्नीले?"

"ज्या जिल्ह्यात त्याले रोज भातच शिजवा लागते, तठी काऊन नाही चालणार?"

त्याने गोळी क्षणभर पाहिली, कपाळाला लावली, सोडली. ती खाली गेली आणि येईचना. आम्ही सगळ्या श्वास धरून. मग पांढरीशुभ्र वर आली, बाजूने बारीक बुडबुडे. पहिली पुरी फाटली. दुसरी सोडली. बाहेर मंगल परिणयाच्या टाळ्या वाजल्या आणि आत ती पुरी फुगली. मीही टाळी वाजवली. त्या टाळ्यांत माझी कुणाला ऐकू गेली नाही.

पंगत बसली. प्रज्ञा पांढऱ्या साडीत, पुढे पत्रावळ, शेजारी अमोल. मी स्वतः पुरी वाढली. तिने आधी तिला बोट खुपसलं, वाफ काढली, माझ्याकडे पाहिलं आणि हसली. मग पहिला घास घेतला. पलीकडे सुमनबाईंनीही पुरी घेतली होती. पाहुण्यांत कुणी म्हणालं, पुरी जरा पांढरी वाटते. शेजारच्याने आणखी मागून घेतल्या. जलेबीसाठी तर लोक दुसऱ्या पंगतीत परत बसायला लागले.

आणि मग आमची ती लाडकी रीत आली, घास भरवायची. नवरा-नवरीला सगळे भरवतात, नाही म्हणायची सोय नसते. अमोलची आत्या गोंदियाहून मैद्याच्या बालुशाहीचा पुडा घेऊन आली होती. एक तोडून थेट प्रज्ञाच्या तोंडाशी नेली. "खा व सूनबाई, लाजतेस काऊन?" प्रज्ञाने ओठ मिटले. आजूबाजूचे हसून आग्रह करायला लागले. सुमनबाई उठायला गेल्या, पण पंगतीत अडकल्या. मी जलेबीची परात घेऊन तिकडे धावले.

कौसल्याबाईंनी नणंदेचं मनगट धरलं.

"थांब. आमच्या सुनेले हे चालत नाही."

"एवढुशानं काय होते व वहिनी?"

"एवढुशानंच होते," कौसल्याबाई म्हणाल्या. मग लोटा घेतला, नणंदेचे हात तिथेच धुवायला लावले, आणि माझ्या परातीतली एक जलेबी तिच्या हातात दिली. "हे भरव तिले."

संध्याकाळी पाठवणी. जीप उभी होती. प्रज्ञाचं रडून झालं होतं. सुमनबाई धावत आल्या, हातात तो जुना स्टीलचा डबा. रस्त्यात भूक लागली तर, म्हणून सकाळीच तांदळाच्या भाकरी भरून ठेवल्या होत्या. पोरीने नको म्हटलं होतं तरी आईचा जीव राहिला नव्हता. कौसल्याबाईंनी डबा हातात घेतला, झाकण उघडून पाहिलं, परत लावलं आणि सुमनबाईंच्या हातात ठेवला.

"डबा बाहेर जाणाऱ्याले देतेत, बाई. हे तं घरी चालली."

जीप गेली. सुमनबाई डबा छातीशी धरून उभ्या राहिल्या, मग येऊन आमच्या थंड झालेल्या कढईजवळ बसल्या. आम्ही कुणीच जेवलो नव्हतो. वाढणारी माणसं कधी जेवत नाहीत आणि पुऱ्या केव्हाच संपल्या होत्या. त्यांनी झाकण काढलं. मी, माझ्या बाया आणि गणपतभाऊ, आम्ही सगळ्यांनी ती भाकर वाटून खाल्ली. प्रज्ञाचा तो शेवटचा डबा आम्ही संपवला.